तीन धुनांची एक तबकडी

आयरिश संगीताच्या बैठकीत एखाद्या फिडलवाल्याने ‘द टारबोल्टन’ सुरू केली, की पुढे काय वाजवायचं हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. तिच्यामागोमाग ‘द लाँगफर्ड कलेक्टर’ येते आणि शेवटी ‘द सेलर्स बॉनेट’. या तीन स्वतंत्र धुना आहेत. त्यांची गाठ पक्की केली ती १९३४ सालच्या एका तबकडीने.

या तिन्ही धुना ‘रील’ प्रकारातल्या, म्हणजे नाचासाठीच्या. रीलच्या एका बारमध्ये साधारण आठ जलद स्वर असतात. आठ बारचा एक भाग, असे दोन भाग. प्रत्येक भाग दोनदा वाजवला की बत्तीस बारचा एक फेरा पूर्ण होतो. मग पुन्हा पहिल्यापासून. हा प्रकार मुळात स्कॉटलंडचा आणि तिथूनच आयर्लंडमध्ये आला. ‘टारबोल्टन’ही त्याच वाटेने आली. टारबोल्टन हे स्कॉटलंडच्या एअरशर भागातलं गाव. कवी रॉबर्ट बर्न्सने १७८१मध्ये फ्रीमेसन मंडळींची दीक्षा घेतली ती याच गावातल्या लॉजमध्ये. स्कॉटिश वादकांकडे धुनेचं नाव ‘टारबोल्टन लॉज’ असं आहे. आयरिश वादकांच्या तोंडी त्यातलं ‘लॉज’ गळून गेलं. हे गाव आयर्लंडमध्ये नाही, याचा पत्ता तिथल्या किती वादकांना असेल कुणास ठाऊक!

धुनांच्या छापील पुस्तकांत सहसा एवढंच मिळतं: नाव, स्वरलिपी आणि एक फेरा. शिकागोचे पोलीस प्रमुख राहिलेल्या फ्रान्सिस ओनील यांनी १९०३मध्ये छापलेल्या सुप्रसिद्ध संग्रहात १८५० धुना आहेत, पण तिथेही एकेक धून सुटी, सांगाड्यासारखी उभी आहे. स्वराभोवती बोटं कशी गुंडाळायची, गजाचा जोर कुठे द्यायचा, दुसऱ्या फेऱ्यात काय बदलायचं आणि ही धून संपली की पुढे कुठली घ्यायची, हे पुस्तकाला ठाऊक नसतं. वादकालाच ठाऊक असतं.

१९३४च्या तबकडीवरचा वादक होता मायकेल कोलमन. स्लायगो परगण्यातल्या किलाव्हिलजवळ १८९१मध्ये जन्मलेला, १९१४मध्ये अमेरिकेला गेलेला. १९२१पासून त्याच्या तबकड्या निघू लागल्या आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्याने ऐंशीच्या आसपास बाजू भरल्या. अमेरिकेतली डेक्का कंपनी १९३४मध्येच सुरू झाली होती. मंदीचे दिवस होते आणि ती पस्तीस सेंटला तबकडी विकत होती. ‘टारबोल्टन’ची तबकडी याच कंपनीची.

आता थोडं गणित, कारण मला त्याशिवाय चैन पडत नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावायची जेमतेम तीन मिनिटं. जलद लयीत एक बार साधारण एका सेकंदात संपतो, म्हणजे बत्तीस बारचा फेरा अर्ध्या मिनिटात. तीन मिनिटांत फेरे बसतात सहा. एकच धून सहा वेळा वाजवली तर ऐकणारा कंटाळणार. तीन धुना, प्रत्येकी दोनेक फेरे, हा हिशोब सहज जमतो. शिवाय स्वरही बदलतो: पहिली धून ‘ई’वर, काहीशी उदास, दुसरी ‘जी’वर, तिसरी ‘डी’वर. धून बदलते त्या क्षणी खोलीतला दिवा मोठा केल्यासारखं वाटतं. ही निवड कोलमनच्या कानाची. पण तिची चौकट आखली होती लाखेच्या तबकडीने.

या तबकड्या बोटीने आयर्लंडला परत गेल्या. स्लायगोतून न्यूयॉर्कला गेलेलं वादन खेड्यापाड्यांतल्या ग्रामोफोनवर ऐकू येऊ लागलं. कोलमन, जेम्स मॉरिसन, पॅडी किलोरन हे तिघेही स्लायगोचे. दुसऱ्या परगण्यांतल्या वादकांनी घरातल्या, बापाकडून आलेल्या चाली बाजूला ठेवून तबकडीवरच्या उचलल्या. यावर आयर्लंडमध्ये बरंच लिहिलं गेलंय, आणि सूर बहुधा तक्रारीचाच असतो. तक्रार मला पटते, पण अर्धीच. कोलमन स्वतः दर फेऱ्याला काहीतरी बदलत असे. त्याचा एकच दिवस, एकच वेळचं वादन ‘बरोबर’ ठरलं, यात त्याचा काय दोष? आणि ज्या चाली मागे पडल्या त्यांतल्या कित्येक कुणी रेकॉर्डच केल्या नव्हत्या, त्यामुळे तुलनाही कशाशी करणार?

माग काढायचा तर नावांवर विसंबून चालत नाही. एकाच धुनेला पाच नावं असतात आणि एकाच नावाच्या तीन धुना. डेटाबेसच्या भाषेत, नाव हे भरवशाचं ‘की’ नाही. ब्रेंडन ब्रॅनाख (१९१२–१९८५) या सरकारी नोकरीतल्या संग्राहकाने संगणकाविना यावर तोडगा काढला. धुनेच्या सुरुवातीचे आघाताचे स्वर घ्यायचे, सप्तकातल्या जागेप्रमाणे त्यांना आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांच्या क्रमाने कार्डं लावायची. नाव काहीही असो, धून स्वतःच स्वतःला शोधून देते. अशी हजारो कार्डं त्याने हाताने लिहिली. हॅशिंग मी कॉलेजात चौथ्या सेमिस्टरला शिकलो. ब्रॅनाखच्या डब्याबद्दल तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जास्त लवकर कळलं असतं. १९९०च्या दशकात ख्रिस वॉलशॉने साध्या अक्षरांत धून लिहायची ‘एबीसी’ पद्धत आणली आणि हाच शोध टंकून घेता येऊ लागला.

अशा शोधाने ‘टारबोल्टन’ची भावंडं सापडतात, स्कॉटिश आणि आयरिश पाठ शेजारी ठेवता येतात. पण सूचीतलं एक कार्ड एकाच धुनेचं. ती संपल्यावर ‘लाँगफर्ड कलेक्टर’ येते, याची नोंद त्यावर नाही. त्यासाठी तबकडीच लावावी लागते.