थकते कोण – स्नायू की मन?

शाळेच्या मैदानावर मुले धावत आहेत. तिसऱ्या फेरीला एकाचे पाय जड होतात, धाप लागते, 'आता पुरे' असे वाटते. कडेला उभे असलेले सर ओरडतात, "दम धर, शेवटची फेरी!" आणि तोच मुलगा शेवटचे शंभर मीटर सर्वांत जोरात पळतो. तालमीत वस्तादांनी 'आणखी दहा' म्हटले की संपत आलेले जोर पुन्हा सुरू होतात. अवजड यंत्र सरकवताना मजूर 'जोर लगाके हैश्शा' म्हणतात. स्नायूंची ताकद खरोखरच संपली होती, तर ही जादा ताकद आली कुठून?

हा प्रश्न प्रयोगशाळेत आला तो शंभरहून अधिक वर्षांपूर्वी. आणि गंमत म्हणजे त्यात शिक्षकांच्या थकव्याचाही वाटा होता. इटलीतील तुरीन येथे आंजेलो मोस्सो (१८४६-१९१०) हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी 'एर्गोग्राफ' नावाचे उपकरण बनवले. हात जखडून ठेवायचा, मधल्या बोटाला दोरीने वजन टांगायचे आणि ते ठरावीक तालावर उचलत राहायचे. प्रत्येक उचल काजळी धरलेल्या फिरत्या दंडगोलावर रेघ म्हणून उमटे. बोट थकले की रेघा आखूड होत जात. मोस्सोंचे सहकारी माज्जोरा यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्यावर हा प्रयोग केला, तेव्हा त्यांचे बोट नेहमीपेक्षा फार लवकर थकले. परीक्षेत बोटाने तर काहीच काम केले नव्हते! १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'ला फातिका' (थकवा) या ग्रंथात मोस्सोंनी हे सारे मांडले.

पुढे १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल यांनी ऑक्सिजन आणि लॅक्टिक आम्ल यांच्या आधारे थकव्याचा हिशेब मांडला. हृदयाला इजा होऊ नये म्हणून शरीरात एखादा नियंत्रक असावा, असेही हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले होते. पण ती सूचना मागे पडली. इंधन संपले, टाकाऊ द्रव्ये साचली, म्हणून यंत्र थांबले, हेच स्पष्टीकरण कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. (लॅक्टेट हे स्नायूंचे इंधनही आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.)

१९६१ साली इकाई आणि स्टाइनहाउस या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसांना दर मिनिटाला एकदा, पूर्ण जोर लावून हाताने ओढायला सांगितले. अधूनमधून ओढण्याच्या किंचित आधी, पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला. ताकद सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. ओढताना स्वतःच ओरडल्यावर ती सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. म्हणजे 'पूर्ण जोर' हा पूर्ण नव्हताच! मजुरांच्या 'हैश्शा'ला प्रयोगशाळेची साक्ष मिळाली.

१९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स यांनी हिल यांची जुनी सूचना पुन्हा उचलून धरली. त्यांच्या मते मेंदू काही ताकद राखून ठेवतो आणि थकवा ही त्याने दिलेली सूचना असते. हे मत सर्वांना मान्य नाही, पण पुढच्या प्रयोगांनी मेंदूचा सहभाग ठळक केला. २००४ साली ब्रिटनमध्ये सायकलपटूंनी पिष्टमय पदार्थाचे द्रावण फक्त तोंडात खळखळवून थुंकून टाकले, तरी तासाभराच्या चाचणीत त्यांचा वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारला. पोटात तर काहीच गेले नव्हते. २००९ साली वेल्समधील मार्कोरा यांनी काही जणांना ९० मिनिटे डोके शिणवणारे काम दिले. नंतर सायकल चालवताना ते नेहमीपेक्षा सुमारे १५ टक्के लवकर थांबले. मोस्सोंचे निरीक्षण एका अर्थी पुन्हा खरे ठरले. २०१४ साली २४ जणांवरील प्रयोगात ज्यांना दोन आठवडे स्वतःशी धीराचे बोलणे शिकवले, ते सुमारे १८ टक्के अधिक वेळ टिकले. इतरांत असा फरक पडला नाही.

मग 'नो पेन, नो गेन' ही व्यायामशाळेतील घोषणा खरी मानायची का? येथे थांबून विचार केला पाहिजे. शब्दांनी थकव्याची जाणीव कमी होते. शरीराच्या मर्यादा नाहीशा होत नाहीत. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवारांचे प्राण गेले. छातीत कळ, भोवळ, उन्हात बरळणे किंवा गोंधळणे, सांध्यात तीव्र वेदना ही थकव्याची कुरकुर नव्हे, धोक्याची घंटा आहे. अशा वेळी 'दम धर' नव्हे, 'थांब' म्हणणारा शिक्षक हवा.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. कपड्यांना लावायचा चिमटा दोन बोटांत धरून एका मिनिटात तो किती वेळा पूर्ण उघडता येतो, ते मोजा. पुरेशी विश्रांती घेऊन दुसऱ्यांदा मोजा. या वेळी मित्रांनी 'चल, आणखी थोडे' असे ओरडावे. मात्र अर्ध्या मुलांनी आधी शांतपणे, तर अर्ध्यांनी आधी गलक्यात हा प्रयोग करावा. असे का, हे मुलांनाच विचारा. आणि परीक्षेच्या दिवशी पेपरनंतर पुन्हा मोजा. मोस्सोंच्या सहकाऱ्याचे बोट का थकले असेल, यावर मुले आपण होऊन बोलू लागतील.