सायकलचं पेडल निघत नाहीये? जोर लावण्याआधी दिशा तपासा

सायकल ट्रेनने गावी पाठवायची असेल किंवा झिजलेली पेडलं बदलायची असतील, तर आधी जुनी पेडलं काढावी लागतात. सगळं नीट असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. पण पावसाळा खाल्लेल्या सायकलवर हेच काम अख्खा रविवार खातं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला एक सेकंड हँड सायकल घेतली होती. डावं पेडल निघेना, म्हणून सायकल उलटी करून पान्याला नळाचा पाइप अडकवला आणि सगळं वजन टाकलं. काहीतरी हललं, मला आनंद झाला. पण पेडल सुटत नव्हतं, मी ते अजून आवळत होतो! पाना निसटला, हाताची सालटं निघाली आणि शेवटी क्रँकचे आटेच गेले. (क्रँक म्हणजे पेडल ज्यात बसतं तो दांडा.) मेकॅनिकलचे मित्र शेजारच्याच खोलीत राहायचे. त्यांना विचारलं असतं तर नवीन क्रँकचे पैसे वाचले असते.

कुठल्या बाजूला फिरवायचं?

उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. सायकलवर बसल्यावर तुमचा उजवा हात ज्या बाजूला, ती उजवी बाजू. बऱ्याच पेडलच्या एक्सलवर इंग्रजी एल आणि आर कोरलेलं असतं, तेही बघून घ्या.

घड्याळाच्या दिशेने की उलट, हे पाठ करत बसू नका. त्यात गोंधळ होतोच, कारण काही पेडलं बाहेरून पान्याने निघतात आणि काही आतून अ‍ॅलन कीने. आतून बघितलं की दिशा उलटी दिसते. त्यापेक्षा एकच नियम लक्षात ठेवा: सायकल चाकांवर सरळ उभी असताना पाना पेडलपासून वरच्या बाजूला उभा धरा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना, पाना असो की अ‍ॅलन की, पेडल सुटतं. फक्त सायकल उलटी ठेवू नका, नाहीतर हा नियमही उलटा होतो. माझं नेमकं तिथेच चुकलं.

रील बघून काम करत असाल तर अजून एक गोष्ट. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ कधीकधी आरशासारखा उलटा असतो. त्यात चेन कुठल्या बाजूला आहे ते बघा. चेन डावीकडे दिसली तर व्हिडिओ उलटा आहे असं समजा.

पण डावे आटे उलटे का?

एक पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचं मोकळं टोक दुसऱ्या हाताने गोल गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरतं, त्याच्या उलट दिशेने पेन्सिल मुठीत स्वतःभोवती हळूहळू वळते. पेडलचंही तसंच आहे. पायाचा दाब खालीच असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे एक्सलच्या दृष्टीने तो दाब गोल फिरतो आणि एक्सल आट्यांमध्ये किंचित किंचित सरकत राहतो. दोन्हीकडे सारखे आटे असते, तर डावं पेडल चालवता चालवता सुटून पडलं असतं. उलट्या आट्यांमुळे ते आवळत जातं.

याचाच दुसरा अर्थ असा, की बसवताना कितीही हलक्या हाताने बसवलेलं पेडल वर्षभरात घट्ट होतं. त्यात गंजाची भर. साध्या जुन्या सायकलींमध्ये दोन्ही भाग स्टीलचे असतात, तिथे नेहमीचा लाल गंज धरतो. पण गियरच्या बहुतेक सायकलींना अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक आणि स्टीलचा एक्सल असतो. दोन वेगळे धातू, मध्ये पाणी आणि मीठ, म्हणजे झाली की छोटी बॅटरी तयार! यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्याची जी पांढरी भुकटी बनते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये ठासून बसते. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर हे लवकर होतं.

काढायचं कसं

पाना १५ मिमीचा, लांब आणि फिट बसणारा घ्या. अ‍ॅलन की लागत असेल तर ती बहुतेक ६ किंवा ८ मिमीची असते. स्क्रू फिरवून मापात आणायचा पाना नको, तो कडा गोल करतो. पेडल साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळतात. म्हणजे २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला जवळपास २० किलोचा जोर, आणि ४० सेंटीमीटरच्या पान्याला १० किलो पुरतो. जाम झालेल्या पेडलला याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून लांबी महत्त्वाची.

आधी गंज सोडवणारं तेल क्रँकच्या आतल्या बाजूने, जिथे एक्सलचं टोक दिसतं तिथे, आणि बाहेरून सांध्यावर सोडा. रात्रभर राहू द्या. डिस्क ब्रेकवर थेंबही उडू देऊ नका. सकाळी चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चढवा, म्हणजे हात निसटला तरी दाते लागणार नाहीत. क्रँक पुढच्या चाकाकडे आडवा करा, पाना त्याच्याच रेषेत मागे जाईल असा लावा आणि पान्याचं टोक खाली दाबा. असा लावल्यावर जोर क्रँकच्या मध्याजवळ पडतो, त्यामुळे क्रँक फारसा फिरत नाही आणि सगळी ताकद आट्यांना मिळते. झटके देण्यापेक्षा वजन हळूहळू टाका. 'कट्ट' असा आवाज आला की समजा सुटलं.

तरीही हललं नाही तर तेल पुसून क्रँकवर फडकं गुंडाळा आणि त्यावर उकळतं पाणी ओता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पेडलचा आटा ९/१६ इंच, म्हणजे १४.३ मिमी जाड असतो. ७० अंशांनी तापमान वाढलं तर भोक एक्सलपेक्षा साधारण एक शतांश मिलिमीटर जास्त मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण अडकलेली पकड सुटायला बऱ्याचदा तेवढं पुरतं. लायटर किंवा गॅसची शेगडी मात्र नको, आजूबाजूला तेल आहे. आणि कार्बनचा क्रँक असेल तर अजिबात तापवू नका, सरळ दुकानात न्या.

पान्याच्या कडा गोल व्हायला लागल्या तरी थांबा आणि सायकलवाल्या काकांकडे जा. त्यांच्याकडे क्रँक पक्का पकडायला व्हाइस असतो. आटे गेलेच, तर काही ठिकाणी भोक मोठं करून आत स्टीलची आट्यांची बुशी बसवून मिळते.

नवीन पेडल लावताना आट्यांना ग्रीस भरपूर लावा, पहिले चार-पाच फेरे फक्त बोटांनी फिरवा. बोटांनी जात नसेल तर तुम्ही डावं पेडल उजवीकडे लावताय.