वखारीतील सांधा : कारंजाच्या कापूस बाजारापासून फिरत्या यंत्रमानवापर्यंत

आर्थिक इतिहासाच्या लेखनात वाहतुकीच्या साधनांना जितके महत्त्व दिले जाते, तितके ती साधने जेथे एकमेकांस भेटतात त्या जागांना दिले जात नाही. बैलगाडीचा, आगगाडीचा व मालमोटारीचा इतिहास लिहिला जातो. परंतु गाडीतून काट्यावर, काट्यावरून वखारीत आणि वखारीतून डब्यात माल कोणी नेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अशा जागेला प्रस्तुत लेखात 'सांधा' म्हटले आहे. किरकोळ विक्रीच्या मोठ्या गुदामांत अलीकडे फिरते यंत्रमानव माल हलवू लागले आहेत. त्यांचे ऐतिहासिक स्थान या सांध्याच्या संदर्भातच नीट उमगते, व त्या दृष्टीने वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील बाजाराचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानातील कापसाची निकड भासू लागली, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस नवे मोल आले. हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये 1886 साली कारंजा येथे नियंत्रित बाजार स्थापन झाला. देशातील नियंत्रित बाजारांत तो पहिला मानला जातो. पुढे 1897 साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. या व्यवस्थेचा हेतू शुद्ध कापूस वाजवी भावाने मिळावा हा होता. बाजार समितीत उत्पादक शेतकऱ्यास स्थान नव्हते. तथापि तिचा एक परिणाम दूरगामी ठरला. बाजारातील व्यवहार ठरलेल्या आवारात, ठरलेल्या दराने व समितीच्या देखरेखीखाली होऊ लागला. गाडी व काटा यांच्यामधला सांधा प्रथमच नियमाच्या कक्षेत आला.

यानंतर यंत्रे आली. परंतु ती सांध्याच्या दोन्ही बाजूंस आली. सरकी काढण्याचे काम जिनाने आणि गाठ बांधण्याचे काम प्रेसने उचलले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे कारंजावरून गेली. लोक तिला 'शकुंतला' या नावाने ओळखत. मूर्तिजापुरास तिची गाठ मुंबई व नागपूर यांना जोडणाऱ्या रुंद मापाच्या मार्गाशी पडत असे. अडीच फुटी मार्गावरील डबा साडेपाच फुटी मार्गावर चालू शकत नाही. म्हणजे पुढे जाणारा प्रत्येक नग एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरणे प्राप्त होते. जेथे यंत्र थांबले तेथे माणसाचा खांदा लागला. यंत्रे वाढली तसे सांधेही वाढले, व सांधे वाढले तशी हमालांची गरजही वाढली. यांत्रिकीकरणामुळे हमाल नाहीसा झाला नाही, उलट तो अपरिहार्य झाला, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

या अपरिहार्यतेतूनच त्याचे हक्क आकारास आले. महाराष्ट्राच्या 1963 च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने हमाल व मापारी यांना परवानाधारक म्हणून मान्यता देऊन बाजार समितीवर त्यांच्या प्रतिनिधीस जागा दिली. 1897 च्या समितीत शेतकरीही नव्हता हे आठवले, म्हणजे या जागेचे महत्त्व कळते. 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळ होती. या कायद्याने नोंदीत कामगारांची मजुरी मंडळामार्फत देण्याची व्यवस्था केली आणि भविष्यनिर्वाह निधी आदी लाभांसाठी मजुरीवर टक्केवारीने लेव्ही बसविली. एका मालकाकडे कायम नसलेल्या माणसास कायम कामगाराचे संरक्षण देण्याचा हा प्रयत्न होता.

फिरत्या यंत्रमानवाचा पूर्वज 1950 नंतरच्या दशकातील आहे. अमेरिकेत बॅरेट कंपनीने तारेच्या मागाने आपोआप चालणारी ओढगाडी बनविली, व 1954 च्या सुमारास ती दक्षिण कॅरोलिनातील एका मालवाहतूक कंपनीच्या गुदामात चालू झाली. खरा पालट मात्र 2003 साली स्थापन झालेल्या किवा सिस्टिम्स या कंपनीने घडविला. तिच्या यंत्राने माणसास मांडणीकडे नेण्याऐवजी मांडणीच माणसाकडे आणली. जमिनीवर ठराविक अंतराने चिकटविलेल्या खुणा वाचत बुटके यंत्र मांडणीखाली शिरते, ती उचलते व काम करणाऱ्यासमोर नेऊन ठेवते. अॅमेझॉनने 2012 साली ही कंपनी 77.5 कोटी डॉलरला घेतली, आणि 2025 साली आपल्या यंत्रमानवांची संख्या 10 लाखांवर गेल्याचे जाहीर केले. भारतात ग्रेऑरेंज ही संस्था याच क्षेत्रात पुढे आली; पुण्यात 2019 साली स्थापन झालेली अनबॉक्स रोबोटिक्स ही कंपनी पार्सलांची वर्गवारी करणारे यंत्रमानव बनविते.

येथे मागील यंत्रांहून असलेला भेद स्पष्ट होतो. जिन, प्रेस व आगगाडी यांनी सांधा माणसाकडे सोडला. फिरता यंत्रमानव नेमका त्या सांध्यातच उभा राहतो. परंतु त्यास सपाट जमीन, ठरीव जागा, एकसारखे नग व अचूक नोंद यांची आवश्यकता असते. बैलगाडीतून वा ट्रॅक्टरमधून येणाऱ्या मोकळ्या कापसाच्या ढिगात तो निरुपयोगी आहे. म्हणून तो प्रथम शहरांभोवतीच्या किरकोळ मालाच्या गुदामांत आला. समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो व त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. या मार्गालगत उद्या खोक्यांतील मालाची गुदामे उभी राहिली, तर हमालाचा व यंत्रमानवाचा प्रश्न कारंजाच्या वेशीशी येईल.

त्या वेळी जुन्या ओझ्याबद्दल हळहळ करणे योग्य ठरणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 सालीच प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी अशी शिफारस केली होती. पाठीवरचे ओझे उतरणे हे इष्टच आहे. प्रश्न आहे तो हक्काचा. लेव्ही मजुरीवर आकारली जाते. मजुरी नाही तेथे लेव्ही नाही, आणि लेव्ही नाही तेथे भविष्यनिर्वाह निधीही नाही. शिवाय मांडणीसमोर उभा राहून माल वेचणारा माणूस गुदामात उरतोच, व त्याच्या हाताचा वेग आता यंत्राच्या फेऱ्यांनी ठरतो.

1886 साली कारंजात सांध्याला नियम मिळाला. त्यात हमालाचा आवाज मिसळण्यास मात्र जवळजवळ आठ दशके लागली. यंत्रमानवाच्या बाबतीत नियम व आवाज यांच्यामध्ये एवढे अंतर पडू न देणे हाच या इतिहासाचा बोध होय.