देवळावरील भोंगा आणि हातातील यंत्र

मोबाइलच्या नादाविषयी बोलताना आपण बहुधा मुलांच्या हट्टाला किंवा आईबापांच्या लाडाला दोष देऊन मोकळे होतो. या यंत्राचा इतिहास पाहिला, तर दोषाची वाटणी इतकी सोपी राहत नाही.

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे संयम आपोआप पाळला जाई. कोणी बोलावले तर वाजायचे, एरवी गप्प राहायचे, असे ते यंत्र होते. पुढे ई-मेल खिशात आला आणि ‘ब्लॅकबेरी’चे वेड इतके वाढले की, २००६ साली वेबस्टर्स न्यू वर्ल्ड कोशाने ‘क्रॅकबेरी’ हा वर्षाचा शब्द ठरवला. ही थट्टा लहान मुलांची नव्हती, मोठ्या पदांवरील माणसांची होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षी एझा रास्किन या अमेरिकन तरुणाने पान कधीच न संपण्याची युक्ती शोधली. पुस्तकाचे पान संपते, तिथे वाचक क्षणभर थांबतो. तो थांबाच येथे नाहीसा झाला. या शोधाचा रास्किन यांनी पुढे जाहीरपणे पश्चात्ताप केला. युक्तीमागील तत्त्व मात्र जुनेच आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या प्रयोगांत असे दिसले की, किती टोचांनंतर दाणा मिळेल याचा नेम नसला की कबुतर अधिक नेटाने टोचत राहते, आणि दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. पडदा खाली ओढून नवे काही आले का हे पाहणारे आपले बोट याहून फारसे वेगळे नाही.

भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच फोनमध्ये शिरली. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मात्र या त्रासासाठी २०१४ पासूनच स्वतंत्र उपचारकेंद्र होते.

उपाय पुष्कळ झाले. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुले पालकांच्या नावाने खेळू लागली. १ जानेवारी २०२२ पासून तो कायदा उरला नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळी वाट धरली. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांच्या ग्रामसभेत ठराव झाला: संध्याकाळी सातला देवळावरील भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद; साडेआठला दुसरा भोंगा. पुरुषांनी आरंभी हसण्यावारी नेले, असे सांगतात. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. आमच्या मते कोरियाहून वेगळेपण हेच, की येथे बंधन केवळ मुलांवर नव्हते.

आपणांस या दीड तासाचे मोल अंमळ अधिक असावे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घरांत मुलांची शाळा अन्य भाषेत, बाजारही अन्य भाषेत. मराठी कानांवर पडायची ती दिवेलागणीनंतर, आजीच्या तोंडून. आता ती वेळही पडद्याने घेतली आहे, आणि खरे सांगायचे तर कित्येक घरांत आजीच्याही हाती तोच पडदा आहे! अर्थात परदेशी गेलेल्या नातवाचा चेहरा दाखवणारेही तेच यंत्र, म्हणून त्याला सरसकट दूषणे देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्या नातवाशी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी, आणि फोन चार्जिंगला लावण्याची जागा निजण्याच्या खोलीतून काढून ओसरीवर न्यावी. ज्यांचे वाडे पडून फ्लॅट झाले, त्यांनी दारामागच्या चपलांच्या कपाटावर.