अमादीस गेला

एक बडा सरदार बाहेरून घरी आला. पाहतो तो काय, वाड्यात रडारड चाललेली! बायको रडते आहे, मुली रडताहेत, मोलकरणी पदराने डोळे टिपताहेत. (त्या देशात पदर नसतात हे मला ठाऊक आहे, पण रडायचं म्हटलं की पदर लागतोच.) सरदाराच्या पोटात गोळा आला. मुलगा गेला की काय? नाही. मग कोणी सोयराधायरा? तेही नाही. मग हा आकांत कशासाठी? तेव्हा हुंदके आवरीत बायकांनी सांगितलं, की अमादीस गेला.

अमादीस हा त्यांचा कोणी नव्हे. तो एका कादंबरीचा नायक. ही हकिगत फ्रान्सिस्को दे पोर्तुगाल नावाच्या पोर्तुगीज दरबारी गृहस्थाने लिहून ठेवली आणि त्याच्या पश्चात, १६७० साली, ती छापून आली. सरदार त्यावर काय म्हणाला असेल, हे कोणत्याही विवाहित वाचकाला सांगायला नको.

अमादीसची कथा स्पेनमध्ये चौदाव्या शतकापासून प्रचारात होती. मेदिना देल काम्पो गावच्या नगरसभेतले एक सभासद, गार्सी रोद्रिगेस दे मोन्ताल्वो, यांनी ती नव्याने घोळून चार भागांत लिहिली. आज मिळणारी तिची सर्वांत जुनी छापील प्रत सारागोसा शहरातली, १५०८ सालची. कथानक आपल्याला अगदीच परकं नाही. राजा पेरियोन आणि राजकन्या एलिसेना यांची लग्नाआधीच गाठ पडते, मूल होतं, आणि लोकलाजेस्तव ते पेटीत घालून पाण्यात सोडलं जातं. इथपर्यंत आपण ‘कर्ण, कर्ण’ म्हणत मान डोलावतो. पण या कर्णाच्या नशिबी द्रौपदीचा नकार नाही. तो मोठा होऊन अजिंक्य वीर होतो, ग्रेट ब्रिटनच्या राजाची मुलगी ओरियाना हिच्यावर जीव टाकतो, तीही त्याच्यावर टाकते, आणि गैरसमजातून तिने एक कडक पत्र धाडलं तर हा अजिंक्य वीर शस्त्रं टाकून एका खडकावर जाऊन रडत बसतो. शिवाय तोंडी लावायला आर्कालाउस हा दुष्ट मांत्रिक, रूप पालटणारी जादूगारीण उर्गांदा आणि एन्द्रियागो नावाचा भयंकर राक्षस. नायकनायिकेचं लग्न जाहीर व्हायच्या पुष्कळ आधी एका रानात काय ते होऊन जातं. त्यामुळे पुस्तक लहानांच्या हाती देण्याजोगं नव्हे. आणि म्हणूनच लहानांनी ते मिळवून वाचलं.

पुस्तक खपलं. खपलं की पुढचा भाग निघतो, हा नियम तेव्हाही होता. भाग वाढत वाढत बारावर गेले. लेखकही बदलत गेले. १५२६ साली हुआन दीआस याने आठव्या भागात म्हाताऱ्या अमादीसला मारून टाकलं. वाचकांना ते रुचलं नाही. १५३० साली फेलिसियानो दे सिल्वा याने नववा भाग काढला तो आठवा झालाच नाही असं धरून. अमादीस जिवंत! यमाच्या पाठीमागे जाऊन नवरा सोडवून आणताना सावित्रीला केवढी यातायात पडली. इथे एका छापखान्यात काम भागलं.

आता वाचक काय म्हणाले ते बघा. प्रतिष्ठित पुरुष वाचकांची रीत अशी, की आधी वाचायचं आणि मग पस्तावायचं. कास्तीलचे चॅन्सलर पेरो लोपेस दे आयाला यांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पापांचा पाढा वाचला, त्यात अमादीस ऐकण्यात घालवलेला वेळही घातला. हुआन दे वाल्देस हे मोठे विद्वान. त्यांनी १५३५च्या सुमारास लिहिलं की, आयुष्यातली चांगली दहा वर्षं राजदरबारात असली पुस्तकं वाचण्यात गेली. दहा वर्षं! पुस्तक टाकाऊ आहे हे कळायला विद्वान माणसाला दहा वर्षं लागतात, तर ते पुस्तक किती रंगत असेल! आणि हेच वाल्देस त्याच ग्रंथात अमादीसच्या भाषेची शब्दशः चिकित्सा करतात. बारकाईने वाचल्याशिवाय का ते जमतं?

शिपाईगड्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना पस्तावायला सवड नव्हती. १५१९ साली कोर्तेसच्या सैन्याने मेक्सिकोचं तळ्यात उभारलेलं नगर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा सगळे म्हणू लागले की हे तर अमादीसच्या पुस्तकातल्या मायानगरीसारखं दिसतंय. त्या सैन्यातल्याच बेर्नाल दीआसने हे नोंदवलं आहे. पाचव्या भागात मोन्ताल्वोने निव्वळ बायकांचं, सोन्याने भरलेलं एक बेट कल्पिलं आणि त्याला कॅलिफोर्निया असं नाव दिलं. पुढे दर्यावर्दी लोकांनी ते नाव खऱ्याखुऱ्या किनाऱ्याला चिकटवलं. सोनं निघालं ते फार उशिरा, १८४८ साली.

आपल्या देशातही या जातीची पुस्तकं शिपायांच्या बोचक्यातून आली. रोद्रिगेस लोबो या पोर्तुगीज लेखकाने १६१९ साली एक किस्सा दिला आहे. हिंदुस्थानात पोर्तुगिजांनी एका शहराला वेढा घातला होता. रात्री सोबती मिळून असली वीरकथा वाचायचे. त्यांतला एक भोळा शिपाई ती अक्षर न् अक्षर खरी मानायचा. हल्ल्याचा दिवस आला तेव्हा गडी एकटाच शत्रूच्या गर्दीत घुसला आणि तलवार फिरवू लागला. जखमा झाल्या, सोबत्यांनी मोठ्या कष्टाने ओढून परत आणला. ते रागावले तर हाच उलट कुरकुरला, की तुमच्या पुस्तकातला कोणताही सरदार रोज रात्री जेवढं करतो, त्याच्या निम्मंसुद्धा मी केलेलं नाही. पुढे म्हणे तो खरोखरीच नावाजलेला वीर झाला. वाचनाने माणूस घडतो, असं आपण शाळेत निबंधात लिहीत आलो. त्याचा असा रोकडा पुरावा दुसरा नाही.

पुरुषाने वाचलं तर शौर्य वाढतं. बाईने वाचलं तर? १५५५ साली वायादोलिद इथे भरलेल्या सभेत प्रतिनिधींनी राजाकडे अर्ज केला, की ही पुस्तकं बंद करा, आहेत ती गोळा करून जाळा. कारण काय, तर आई मुलीला घरात कोंडून बाहेर जाते. तिला वाटतं, पोर सुरक्षित आहे. आणि पोर आत बसून अमादीस वाचते! त्यापेक्षा आईने तिला बरोबर नेलेली बरी, असं त्या अर्जात लिहिलं आहे. मुलीला कोंडून ठेवणं चांगलं की वाईट, यावर अर्जात चकार शब्द नाही. कुलूप बरोबर होतं, पुस्तक चूक होतं. अमेरिकेतल्या वसाहतींत ही पुस्तकं न्यायला तर १५३१ सालीच बंदी झाली होती. पुस्तकं जातच राहिली. खुद्द स्पेनमध्ये तसा कायदा काही झाला नाही.

१६०५ साली सर्व्हान्टिसने ‘डॉन किहोते’ लिहून या वाचकांची जी थट्टा केली ती जगभर गाजली. वाचून वाचून डोकं फिरलेला किहोते सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्यातला खाणावळवाला जास्त आवडतो. सुगीच्या दिवसांत त्याच्याकडे कापणीवाले जमतात, वाचता येणारा एक जण मोठ्याने वाचतो आणि तीसेक माणसं भोवती कोंडाळं करून ऐकतात. खाणावळवाल्याला मारामाऱ्या आवडतात. मोलकरणीला झाडाखालच्या मिठ्या आवडतात. मुलीला विरहाने रडणारे सरदार आवडतात. आणि बायको? तिला वाचन चालू असतं तो वेळ आवडतो, कारण तेवढा वेळ नवरा तिच्यावर खेकसायचं विसरतो. एकाच पुस्तकाची ही चार परीक्षणं. त्यांतलं चौथं मला सगळ्यांत खरं वाटतं.

आमच्या काकू अशाच वाचायच्या. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’सारख्या अद्भुत कादंबऱ्या वाचनालयातून यायच्या आणि तांदळाच्या डब्यामागे राहायच्या. कादंबरीच्या समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले असत. एकीने लिहिलेलं, ‘‘हाय! किती हा छळ!’’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘‘पुढे सुटतो. धीर धरा.’’ काका ओसरीवरून विचारायचे, ‘‘काय त्या भाकडकथा वाचत बसतेस गं?’’ काकू काही बोलायच्या नाहीत. मी विचारलं तर मात्र म्हणायच्या, ‘‘अरे, नायक तळघरात अडकलाय आणि इथे माझ्या पोळ्या राहिल्यात. कुणाला आधी सोडवू?’’

काकांचा तो प्रश्न स्पेनमध्ये सगळ्यांनी विचारला. त्याचं उत्तर एका मुलीने लिहून ठेवलं. १५१५ साली जन्मलेली आविलाची तेरेसा. पुढे ती मोठी संत झाली. १६२२ साली तिला संतपद मिळालं. आत्मचरित्रात ती सांगते की, आईला या वीरकथांचा नाद होता. वडिलांना तो मुळीच खपत नसे, म्हणून मायलेकी त्यांच्या नकळत वाचायच्या. तेरेसाला नवं पुस्तक हाती नसलं की चैन पडत नसे. संत झाल्यावर तिने या नादाला दोष दिला, ते रीतसरच झालं. पण जाता जाता आईविषयी ती म्हणते, की आईवर फार मोठे ताप होते, त्यांचा विचार मनात येऊ नये म्हणून बहुधा ती वाचत असावी. ही आई तेहतिसाव्या वर्षी वारली. त्या वयातही तिचा पेहराव वयस्क बायकांसारखा असे.

चॅन्सलर, विद्वान, प्रतिनिधी या सगळ्यांनी पुस्तकाचे गुणदोष तपासले. वाचणारी ते का वाचते, एवढं त्या मुलीने पाहिलं.

म्हणून मला तो वाडा राहून राहून आठवतो. सरदाराने विचारलं, कोण गेलं. अमादीस गेला, हे उत्तर ऐकून त्याला हायसं वाटलं असेल, थोडा रागही आला असेल. पण त्या रडणाऱ्यांपैकी किती जणी अमादीससाठी रडत होत्या, आणि किती जणी ही आयती संधी साधून दुसऱ्याच कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. अमादीसचं नाव सांगणं सोपं होतं.