सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेज : एका विकराचा इतिहास आणि पिंपरी परिसर

प्रस्तावना :

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचा औद्योगिक इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा वाहननिर्मितीवर स्थिरावते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर या माळरानावर यंत्रे व गाड्या घडू लागल्या, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या पट्ट्यातील आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक लोखंडाचा नव्हता, बुरशीचा होता. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा केंद्र शासनाचा पहिला औषधनिर्मिती उद्योग उभा राहिला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. सूक्ष्मजीवांच्या विकरांकडून औद्योगिक प्रमाणावर काम करून घेण्याची विद्या या भूमीत रुजली ती अशी. प्रस्तुत लेखात सॉर्बिटॉल या शर्करा-अल्कोहोलचे चयापचय घडविणाऱ्या विकराचा इतिहास पाहावयाचा आहे. कारण त्याची एक बाजू पिंपरीच्या किण्वनपात्रात आणि दुसरी या परिसरातील मधुमेही कामगाराच्या शरीरात आढळते.

किण्वनपात्रातील विकर :

युरोपातील रोवन या झाडाच्या लाल फळांच्या आंबलेल्या रसात पेलूझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञास १८५२ मध्ये सॉर्बोज ही शर्करा सापडली. १८७२ मध्ये बूसँगो यांनी त्याच फळांतून सॉर्बिटॉल वेगळे केले. या दोहोंतील नाते मात्र १८९६ मध्ये गाब्रिएल बर्त्राँ यांनी उलगडले. रसात वाढणारा जीवाणू सॉर्बिटॉलचे ऑक्सिडीकरण करून सॉर्बोज बनवितो, असे त्यांनी दाखविले. बर्त्राँ यांचे हे काम केवळ जिज्ञासेपोटी झालेले होते. जवळजवळ चार दशकांनी, १९३३-३४ च्या सुमारास, राइखस्टाइन यांनी क जीवनसत्त्वाच्या संश्लेषणासाठी त्याचा उपयोग केला. ग्लुकोजचे हायड्रोजनीकरण करून सॉर्बिटॉल, सॉर्बिटॉलपासून जीवाणूंकरवी सॉर्बोज आणि त्यानंतर रासायनिक टप्प्यांनी अॅस्कॉर्बिक आम्ल, असा हा मार्ग आहे. साऱ्या शृंखलेत जैविक टप्पा एकच. पण तो रसायनाने साधणे अवघड, कारण सहा कार्बनांच्या साखळीतील नेमक्या एका कार्बनाचे ऑक्सिडीकरण व्हावे लागते. जीवाणूचे विकर ते काम विनासायास करते.

पेनिसिलिनपाठोपाठ पिंपरीच्या कारखान्याच्या उत्पादनांत क जीवनसत्त्वाचाही समावेश झाला. १९५० मध्ये उद्घाटन झालेली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जवळच होती. तेथे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह जोपासला गेला आणि दामोदरन व जगन्नाथन यांच्या गटाने पन्नाशीच्या दशकात बुरशीतील शर्करा-चयापचयाच्या विकरांवर मूलभूत संशोधन केले. पिंपरीच्या कारखान्याने स्वतःचे संशोधनपत्रही काढले आणि थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी तेथे हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग म्हणजे परकीय तंत्रज्ञानाची नक्कल, असा जो सरसकट आक्षेप घेतला जातो तो येथे तरी टिकत नाही. पुढे चीनमध्ये सॉर्बोजवरील पुढचा टप्पाही जीवाणूंकडून करवून घेणारी द्विस्तरीय किण्वनपद्धती विकसित झाली. १९९० च्या दशकात क जीवनसत्त्वाचे जागतिक भाव कोसळले. पिंपरीचा कारखानाही आजारी उद्योग ठरला आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या अतिरिक्त जमिनीच्या विक्रीचा व धोरणात्मक निर्गुंतवणुकीचा निर्णय घेतला.

एक नाव, दोन विकरे :

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जीवाणूतील आणि प्राण्यांच्या यकृतातील विकरांस एकच नाव असले तरी ती एक नव्हेत. जीवाणूचे विकर पेशीपटलात असते आणि सॉर्बिटॉलच्या पाचव्या कार्बनावर काम करून सॉर्बोज देते. प्राण्यांचे विकर पेशीद्रवात असते, त्यात जस्त असते, एनएडी या सहविकराच्या मदतीने ते दुसऱ्या कार्बनाचे ऑक्सिडीकरण करते आणि फ्रुक्टोज निर्माण होते. पाठ्यपुस्तकांत हा भेद पुष्कळदा पुसला जातो. ब्लॅक्ली यांनी १९५१ मध्ये यकृतातील विकराचे वर्णन केले. तत्पूर्वी १९२९ पासूनच जर्मनीत सॉर्बिटॉल मधुमेह्यांसाठी साखरेचा पर्याय म्हणून सुचविले गेले होते.

शरीरातील कार्य :

१९४६ मध्ये मान यांनी वीर्यातील शर्करा फ्रुक्टोज असल्याचे दाखविले आणि ती कोठून येते, हा प्रश्न उभा राहिला. १९५६ मध्ये एर्स यांनी त्याचे उत्तर दिले : ग्लुकोजपासून अल्डोज रिडक्टेज या विकराने सॉर्बिटॉल आणि सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेजने फ्रुक्टोज. हाच पॉलिऑल मार्ग होय. शुक्राणूंच्या पोषणाचा हा मार्ग मधुमेहात घातक ठरतो, हे १९५९ मध्ये रूथ व्हान हेनिंगेन यांच्या संशोधनातून पुढे आले. मोतीबिंदू झालेल्या उंदरांच्या नेत्रभिंगात त्यांना शर्करा-अल्कोहोल साचलेले आढळले. पेशीपटलातून ते सहज बाहेर पडत नाही. पाणी आत ओढले जाते व भिंग फुगते. साखरमुक्त गोळीतील सॉर्बिटॉल डोळ्यात साचते असा समज काही ठिकाणी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. भिंगातील सॉर्बिटॉल तेथल्याच ग्लुकोजपासून बनते.

मग डिहायड्रोजिनेज हे विकर रक्षक की अपराधी? १९९३ मध्ये विल्यमसन व सहकाऱ्यांनी मांडले की याच विकरामुळे पेशीतील एनएडीएचचे प्रमाण वाढते आणि ऊतक जणू प्राणवायूविना असल्यासारखे वागते; त्यामुळे हे विकर रोखणे हिताचे ठरावे. पुढे मधुमेही उंदरांत ते रोखून पाहिले, तेव्हा स्वायत्त मज्जातंतूंची हानी उलट वाढली. २०२० मध्ये याला मानवी पुरावाही मिळाला. या विकराच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्या रुग्णांत आनुवंशिक मज्जाविकार होतो व रक्तात सॉर्बिटॉल कमालीचे वाढते, असे कोर्तेझे व सहकाऱ्यांनी दाखविले. या व्यक्तींना मधुमेह नव्हता. म्हणजे साखर प्रमाणात असतानाही केवळ सॉर्बिटॉलचा निचरा न होणे मज्जातंतूस पुरेसे घातक आहे.

या प्रश्नाचे स्थानिक गांभीर्य पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्यातून कळते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात नवजात बालके वजनाने कमी, पण तुलनेने अधिक मेद असलेली आढळली. अशी बालके पुढे मधुमेहाकडे झुकण्याचा संभव अधिक असतो. याच ग्रामीण पार्श्वभूमीतील माणसे रात्रपाळीच्या कारखानदारीत आली आहेत, आणि तळपायाला येणारी बधिरता त्यांच्या दृष्टीने कामाच्या थकव्याचाच भाग ठरते. पायात टोचलेला धातूचा कीस कळला नाही म्हणजे जखम चिघळते. अल्डोज रिडक्टेज रोखणारे एपालरेस्टॅट हे औषध जपानमध्ये १९९२ पासून आणि पुढे भारतातही उपलब्ध झाले. ते डिहायड्रोजिनेजला हात न लावता सॉर्बिटॉलची निर्मितीच कमी करते. २०२० च्या शोधानंतर हीच दिशा आनुवंशिक रुग्णांसाठीही तपासली जाऊ लागली आहे.