पार्करच्या पाठीवरचा सिद्धान्त

अमेरिकी कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर (१९२५–१९६४) हिच्याबद्दल एक मत रूढ झाले आहे: कथा थोर, पण त्या तिच्या कॅथलिक श्रद्धेला न जुमानता उतरल्या, धर्मसिद्धान्त वजा केला तरी त्यांचे काही बिघडत नाही. हा पूर्वपक्ष मला साफ अमान्य आहे.

त्यामागची धास्ती समजते. श्रद्धावंताच्या हाती कथेचे प्रवचन होते, हा अनुभव आहेच. पण ओकॉनरच्या कथांत कॅथलिक माणसे मोजकीच; गर्दी आहे ती जॉर्जियाकडच्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांची, प्रवचनकारांची, माथेफिरूंची. शिवाय तिने कलाविचार घेतला तोही मध्ययुगीन धर्मतत्त्ववेत्ता थॉमस अक्वायनसचा, तत्त्वज्ञ जाक मारितँच्या पुस्तकातून: कारागिराने घडणाऱ्या वस्तूचे भले पाहावे. म्हणजे प्रचाराला आडकाठी तिच्या धर्मविचारानेच घातली होती.

आता 'पार्कर्स बॅक' पाहा. ल्यूपस या आजाराने शरीर खचलेले असताना, अगदी शेवटच्या दिवसांत तिने ही कथा हातावेगळी केली. पार्कर अंगभर गोंदवून घेतलेला, फक्त पाठ कोरी. त्याचा ट्रॅक्टर झाडावर आदळतो, झाड पेटते, पायांतले बूट उडून जळतात. तो अनवाणीच शहर गाठतो आणि पाठीवर बायझंटाइन ख्रिस्ताचा चेहरा गोंदवतो. वाटते, आता तरी बायको खूश होईल. पण सारा रूथ चर्चच्या इमारतीलाही मूर्तिपूजा मानणारी. देव म्हणजे आत्मा, त्याला चेहरा कसला! ती झाडूने त्याची पाठ झोडपते आणि गोंदलेल्या ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर वळ उठतात.

देवाने खरोखर देह धारण केला, म्हणून त्याची प्रतिमा करता येते, असा निर्णय ७८७ साली निकेआच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमाभंजकांविरुद्ध दिला. तोच वाद इथे एका गरीब घरात लढला जातो. (अवतारकल्पनेत वाढलेल्या मराठी वाचकाने जपून राहावे: हा देह एकदाच धारण केलेला आहे.) हे सारे वजा करा, उरते नवराबायकोचे भांडण. मार पार्करच्या पाठीला बसला की त्या चेहऱ्याला, हा प्रश्नच मग पडत नाही. आणि कथा तर त्याच प्रश्नावर उभी आहे.

श्रद्धा नसलेल्याला मग ही कथा बंद आहे का? मुळीच नाही. मी स्वतः कॅथलिक नाही. पण वाचताना तो सिद्धान्त मनात धरावा लागतो. धरला, की पिकॅनच्या झाडाला टेकून लहान मुलासारखा रडणारा पार्कर दिसतो, आणि त्याच्या पाठीवरचे, त्याला स्वतःला न दिसणारे ते डोळेही.